फिंचच्या पायातील रंगीत कड्या

या वेळच्या टपालात पाळीव फिंच ओळखण्यासाठी त्यांच्या पायात घालायच्या रंगीत कड्यांविषयी बरीच पत्रे होती, म्हणून सदराची संपूर्ण जागा त्याच विषयाला दिली आहे. पक्षी पाळणारे या वस्तूला सरसकट रिंग म्हणतात. आम्ही येथे कडी हा शब्द वापरला आहे.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी झेब्रा फिंचच्या दोन जोड्या आणल्या होत्या. आज एका मोठ्या पिंजऱ्यात चौदा पक्षी आहेत आणि त्यांतील नऊ पूर्ण पांढरे आहेत. कोण कोणाचे पिल्लू, हे आता मला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात एक मादी आजारी पडली. पहिल्या दिवशी औषध देऊन तिला परत सोडले आणि दुसऱ्या दिवशी नेमके कोणाला पकडायचे, हेच कळेना. कोणत्या प्रकारच्या कड्या घ्याव्यात, रंग कसे ठरवावेत आणि त्या घालताना पक्ष्याला इजा होणार नाही ना?

उत्तर : आजवर झालेली सरमिसळ कड्या घालून उलगडणार नाही, हे आधी सांगितले पाहिजे. कडी फक्त आजपासूनची ओळख देते. आपले मूळ चार पक्षी अजून ओळखू येत असतील, तर त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि उरलेल्या दहांना एकमेकांची भावंडे समजून त्यांच्यात आपसांत जोड्या लावू नयेत. एका पिंजऱ्यात अनेक जोड्या असल्या की झेब्रा फिंचच्या माद्या दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात, आणि जोडी जमलेली असूनही शेजारच्या नराशी मीलन होते. त्यामुळे घरट्यावर बसलेली जोडी हेच त्या घरट्यातील प्रत्येक पिल्लाचे आईबाप, असे धरून चालता येत नाही. वंशाची खात्रीशीर नोंद हवी असेल, तर विणीच्या काळात एका पिंजऱ्यात एकच जोडी ठेवावी लागेल.

आता कड्यांकडे वळू. अखंड कडी धातूची असते, तिला सांधा नसतो आणि ती पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात चढवावी लागते. चिरलेली कडी बहुधा प्लॅस्टिकची असते, ती फाकवून कोणत्याही वयाच्या पक्ष्याला घालता येते आणि गरज पडली तर काढताही येते. आपले पक्षी मोठे झालेले असल्यामुळे आपल्यापुढे चिरलेल्या कडीचाच पर्याय आहे. स्प्रिंगसारखी वेटोळ्यांची कडीही मिळते, परंतु तिच्या दोन वेटोळ्यांमध्ये घरट्यातला धागा किंवा पक्ष्याची स्वतःची नखी अडकू शकते, म्हणून फिंचसारख्या लहान पक्ष्याला ती आम्ही सुचवत नाही.

झेब्रा फिंचसाठी आतील व्यास साधारण अडीच ते तीन मिलिमीटर असलेली कडी लागते. हा आकडा प्रमाण मानू नये, कारण प्रदर्शनासाठी जोपासलेल्या वाणाचे पक्षी अंगापिंडाने थोराड असतात आणि त्यांचे पायही जाड असतात. कडी पायाच्या काडीवर सहज वरखाली सरकली पाहिजे आणि गोल फिरली पाहिजे, मात्र वरच्या सांध्यावर चढता किंवा बोटांवर उतरता कामा नये. घट्ट कडी पाय कापते, हे सर्वांना कळते. सैल कडी बोटांवर उतरून पंजा आवळते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

रंग निवडताना पाच रंगांवर थांबावे, असे आमचे मत आहे. दुकानात दहा-बारा छटा मिळतात आणि त्या पाहून मोह होतो, पण त्या छटा हातात धरून पाहिलेल्या असतात. दोन मीटरवरून, उड्या मारणाऱ्या पक्ष्याच्या पायात, गजांच्या आडून पाहताना निळा आणि जांभळा एक होतात. झेब्रा फिंचचे पाय मुळातच नारिंगी असल्यामुळे नारिंगी आणि गुलाबी कडी दिसतच नाही. पांढरी कडी विष्ठेने मळली की पिवळी वाटू लागते आणि बल्बच्या पिवळ्या उजेडात तर मळण्याचीही वाट पाहावी लागत नाही. या साऱ्यांना वगळले की काळा, पिवळा, गडद निळा, फिका हिरवा आणि लाल हे पाच रंग हाती राहतात.

प्रत्येक पायात एक कडी घातली, तर पाच रंगांतून पंचवीस जुळण्या होतात. तरीही त्या सर्व वापरू नयेत. डाव्या पायात पिवळी व उजव्यात काळी, आणि डाव्यात काळी व उजव्यात पिवळी, हे दोन पक्षी एकाच पिंजऱ्यात असले की चूक ठरलेली आहे. पक्षी आपल्याकडे तोंड करून बसला की त्याचा डावा पाय आपल्या उजव्या हाताला येतो, आणि घाईत हे भान राहत नाही. अशा उलटसुलट जुळण्यांपैकी एकच ठेवली, तर दहा जुळण्या राहतात. त्यांत दोन्ही पायांत एकच रंग असलेल्या पाच मिळवल्या की पंधरा होतात. आपले पक्षी चौदा आहेत. एका पायाचा रंग घराण्याचा आणि दुसऱ्याचा त्या पक्ष्याचा, अशी पद्धत अनेक जण वापरतात आणि मोठ्या पक्षिगृहात ती सोयीची आहे. आपल्या संख्येला मात्र वरची पद्धत अधिक बरी, कारण तीत डावे-उजवे चुकले तरी पक्षी चुकत नाही.

कडी घालण्याचे काम संध्याकाळी, खोलीत अंधार करून करावे, म्हणजे पकडताना धावपळ होत नाही. पक्ष्याची पाठ तळहाताला टेकलेली आणि मान तर्जनी व मधल्या बोटाच्या बेचक्यात, अशी पकड असावी. छातीवर बोटांचा दाब अजिबात येऊ देऊ नये, कारण पक्षी छातीचे हाड पुढेमागे हलवूनच श्वास घेतो आणि घट्ट मूठ त्याच्या जिवावर बेतते. कड्यांसोबत लहान चमच्यासारखे किंवा नरसाळ्यासारखे एक साधन मिळते. कडी त्याच्या निमुळत्या टोकाकडून वर सरकवली की फाकत जाते. मग साधनाच्या खाचेत पाय ठेवून कडी हलकेच पायावर उतरवायची असते. प्रथम हा प्रयोग आगकाडीवर दहा वेळा करावा आणि हात बसल्यावरच पक्षी धरावा. कडी बसल्यावर तिची दोन्ही टोके एकमेकांना नीट भिडली आहेत का, ते नख फिरवून पाहावे. केसभर फट राहिली तरी तिच्यात धागा अडकतो. पुढचे एक-दोन दिवस पक्षी कडीला चोच मारत राहील. त्याकडे दुर्लक्ष करावे.

शेवटी वही. कडीवर पिवळा-काळा एवढेच असते. ही मादी कोणत्या जोडीची, तिला औषध कधी दिले, तिची पहिली वीण कधी झाली, हे सारे वहीत असते. कडी घातली त्याच संध्याकाळी, पक्षी हातातून सुटण्याआधी नोंद झाली पाहिजे. आम्ही स्वतः एकदा सहा पक्ष्यांना कड्या घालून नोंदी ‘जेवण झाल्यावर करू’ म्हणून ठेवल्या आणि त्यांतील दोघांचे आईबाप कायमचे हरवून बसलो.

प्रश्न : यंदा प्रथमच झेब्रा फिंचच्या पिल्लांना धातूच्या अखंड कड्या घातल्या. पहिल्या वेळी सकाळी कड्या घातल्या आणि दुपारी दोन पिल्ले पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली आढळली, एक दगावले. दुसऱ्या वेळी पिल्ले राहिली, पण दोन दिवसांत कड्याच गळून पडल्या. माझे काय चुकते आहे?

उत्तर : दोन्ही वेळा वेळेचे गणित चुकले आहे, पण दोन वेगळ्या अर्थांनी.

घरट्यातील प्रत्येक परकी वस्तू उचलून बाहेर टाकणे, ही आईबापांची स्वच्छतेची सवय असते. सकाळच्या उजेडात चमचमणारी कडी त्यांना कचरा वाटते. ते ती ओढू लागतात आणि कडीसोबत पिल्लूही घरट्याबाहेर येते. यात दुष्टपणा नाही आणि त्या जोडीला वाईट आईबाप ठरवण्याचेही कारण नाही. कड्या दिवस मावळताना घालाव्यात, म्हणजे थोड्याच वेळात मादी पिल्लांवर बसते आणि रात्रभर कोणी कडीकडे पाहत नाही. कडीची चमक काळ्या मार्करने आधी मारून टाकावी आणि शाई पूर्ण वाळू द्यावी. दुसऱ्या दिवशी उजाडताच पिंजऱ्याच्या तळाकडे एक नजर टाकावी. तासाभरात सापडलेले पिल्लू गार पडले असले, तरी ओंजळीत ऊब देऊन घरट्यात परत ठेवल्यास पुष्कळदा वाचते.

गळून पडलेल्या कड्यांचा अर्थ इतकाच की पिल्लू अजून लहान होते. झेब्रा फिंचच्या पिल्लाला साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी कडी बसते. एकाच घरट्यातील पिल्ले एकाच दिवशी बाहेर आलेली नसतात, म्हणून सर्वांना एकदम कडी घालण्याचा हट्ट सोडावा. थोरल्याला आज, धाकट्याला परवा, असे करावे लागते. पायाची पुढची तिन्ही बोटे एकत्र जुळवून त्यांवरून कडी मागे सरकवावी, मागचे बोट पायाच्या काडीला चिकटवून धरावे आणि कडी त्यावरूनही पुढे न्यावी. त्यानंतर अडकलेले मागचे बोट दात कोरायच्या बोथट काडीने अलगद सोडवून घ्यावे. बोटांना व्हॅसलिनचा किंचित स्पर्श केला, तर काम हलके होते. कडी घातल्यावर हलक्या हाताने खाली ओढून पाहावी. सहज निघाली, तर ती काढून ठेवावी आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा पाहावे. कडी बोटांच्या पेरांवरच अडली, तर मात्र जोर करू नये. ती वेळ निघून गेली, असे समजून त्या पिल्लाला पुढे चिरलेली कडी घालावी.

प्रश्न : नरांना लाल कडी घातली की माद्या त्यांच्यावर भाळतात आणि हिरवी घातली की त्यांना टाळतात, असे एका जुन्या पक्षिपालकाने सांगितले. यात तथ्य आहे की ही नुसती कर्णोपकर्णी आलेली गोष्ट आहे?

उत्तर : ही गोष्ट प्रयोगशाळेतून आलेली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस नॅन्सी बर्ली या अमेरिकी संशोधिकेने झेब्रा फिंचवर प्रयोग केले. नरांच्या पायात लाल कडी असली तर माद्या त्यांच्याजवळ अधिक वेळ काढतात, हिरवी असली तर त्यांच्याकडे पाठ फिरवतात, आणि नरांना काळ्या कडीच्या माद्या अधिक पसंत पडतात, असे निष्कर्ष तिने मांडले. नराची चोच लाल असल्यामुळे लाल कडी त्याच्या अंगच्या खुणेत भर घालते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. ते इतके पटण्याजोगे होते की निष्कर्ष थेट पाठ्यपुस्तकांत गेले.

पुढे मात्र इतरांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा निकाल जुळेनात. २०१८ साली जर्मनीतील मॅक्स प्लांक पक्षिशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी पिंजऱ्यातील मोठ्या थव्यांवर केलेले काम प्रसिद्ध झाले आणि कडीच्या रंगामुळे पक्ष्यांच्या संततीच्या संख्येत फरक पडत असल्याचे त्यात आढळले नाही. पक्ष्यांना आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो, त्यामुळे आपल्या डोळ्यांना सारख्या भासणाऱ्या दोन लाल कड्या त्यांना भिन्न दिसू शकतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमचा सल्ला असा की, रंग वाटताना नर-मादी पाहू नये. लाल आणि हिरवा दोघांनाही द्यावा आणि शक्यतो दुसऱ्या रंगाच्या जोडीने द्यावा. जोडी जमत नसेल, तर पिंजऱ्यातील गर्दी, पक्ष्यांचे वय आणि घरट्यांची संख्या आधी तपासावी. कडीचा रंग या यादीत फार खाली येतो.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या गोल्डियन मादीचा पाय कडीच्या खाली सुजला आहे आणि ती एका पायावर बसते. कडी धातूची, अखंड आहे. लहान पक्कडीने कापून काढावी का?

उत्तर : कापू नये. पत्र छापून येईपर्यंत थांबण्याची ही बाब नसल्यामुळे पत्रलेखिकेस आम्ही त्याच दिवशी कळवले होते. इतरांना उपयोग व्हावा म्हणून तेच येथे देत आहोत.

फिंचच्या पायाचे हाड आगकाडीहूनही बारीक असते. पक्कडीने कडी दाबताना ती क्षणभर अंडाकृती होते आणि तेवढ्यात पाय मोडतो, किंवा कडी गोल फिरून त्वचा पिळवटते. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे यासाठी वेगळी कात्री असते आणि गरज पडल्यास पक्ष्याला गुंगी देता येते. तोवर मादीला एकटीला लहान पिंजऱ्यात, उबदार आणि मंद उजेडाच्या जागी ठेवावे, दांडी अगदी खाली लावावी आणि दाणापाणी तिच्यापुढे तळाशीच ठेवावे. कडीखालचा पाय निळसर किंवा काळपट दिसू लागला असेल, तर ‘उद्या नेऊ’ म्हणण्याइतका वेळ उरलेला नाही.

सूज का येते, याची कारणे ठरावीक आहेत. वय वाढले की पायावरचे खवले जाड होतात. त्यांचा सुटलेला पापुद्रा कडीच्या आत साचत जातो आणि एके काळी बरोबर बसणारी कडी आतून भरून येते. खवले खरखरीत करणारी खरजेसारखी पायाची व्याधीही याच मार्गाने जाते. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे कडीत गुंडाळला गेलेला कापसाचा तंतू, सुतळीचा धागा किंवा माणसाचा लांब केस. घरट्यासाठी सुके गवत द्यावे आणि काथ्या दिलाच तर बोटभर लांबीचे तुकडे करून द्यावा. कापूस आणि सूत अजिबात देऊ नये. आठवड्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक पक्ष्याची कडी फिरते आहे का आणि दोन्ही पाय सारख्या जाडीचे आहेत का, एवढे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. या मादीचा पाय बरा झाल्यावर त्या पायात पुन्हा कडी घालू नये.

प्रश्न : बंगाली फिंचमध्ये नर-मादी दिसायला सारखे असतात. नराच्या उजव्या आणि मादीच्या डाव्या पायात कडी घालावी, असे ठरवले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : पद्धत योग्य आहे आणि पुष्कळ जण ती वापरतात. अडचण आधीच्या पायरीची आहे. बंगाली फिंचमध्ये गातो तो फक्त नर, म्हणून गाताना डोळ्यांनी पाहिल्याखेरीज उजव्या पायाला हात लावू नये. पक्ष्याला तासभर एकटे ठेवून परत थव्यात सोडले की नर बहुधा लगेच छाती फुगवून गाऊ लागतो. गायला नाही म्हणून तो मादी ठरत नाही. अशा पक्ष्याला दोन-तीन आठवडे बिनकडीचाच राहू द्यावे.

प्रश्न : दोन वर्षांत लाल कड्या फिक्या गुलाबी झाल्या. कड्या निकृष्ट होत्या का?

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. ऊन आणि रोजची आंघोळ यांनी प्लॅस्टिकचा रंग उडतोच, आणि लाल त्यात पुढे असतो. काळा सर्वांत टिकतो. नवीन घेतलेल्या कड्यांतील एकेक कडी डब्यात, अंधारात ठेवून द्यावी आणि वर्षातून एकदा पक्ष्याच्या पायातील कडीशी ताडून पाहावी. फरक दिसला की कडी बदलावी. प्लॅस्टिक जुने होऊन कडक झाले की त्याला चीर जाते आणि ते टोचू लागते, त्यामुळे ती बदलणे तसेही हिताचे असते.

प्रश्न : एका परिचितांकडून मिळालेल्या नराच्या पायात अक्षरे आणि आकडे कोरलेली हिरवी धातूची कडी आहे. तिच्यावरून त्याचे वय कळेल का? ती काढून माझ्या रंगांची घालावी का?

उत्तर : पक्ष्याच्या पायात क्रमांकाची धातूची कडी घालून पद्धतशीर नोंद ठेवण्याची सुरुवात डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिस्तियान कोर्नेलियस मॉर्टेन्सन यांनी १८९९ साली रानातील स्टार्लिंग पक्ष्यांवर केली, पाळीव पक्ष्यांच्या कड्या त्याच कल्पनेवर चालतात. बहुतेक कड्यांवर पालकाचा किंवा संघटनेचा संकेत, पक्ष्याचा क्रमांक आणि वर्षाचे आकडे असतात. वर्षाचे आकडे दिसत असतील आणि कडी अखंड असेल, तर ते जन्मवर्ष मानण्यास हरकत नाही, कारण अशी कडी मोठ्या पक्ष्याला घालताच येत नाही. कडीला चीर असेल, तर ती कोणीही कधीही घातलेली असू शकते आणि तिच्यावरील वर्षाला पुरावा म्हणता येत नाही. भिंग घेऊन आधी सांधा शोधावा, आकडे नंतर वाचावेत.

हिरव्या रंगावरून मात्र वय काढू नये. अनेक संघटना वर्षागणिक रंग बदलतात, पण सहा रंगांचे चक्र असेल तर सहा वर्षांनी तोच हिरवा पुन्हा येतो.

कडी काढू नये. ती सुस्थितीत असेल, तर तो त्या पक्ष्याचा जन्मदाखला आहे. कोरलेली अक्षरे वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि आपल्या रंगाची कडी दुसऱ्या पायात घालावी. आपल्या थव्यात हिरवा रंग आधीच वापरात असेल, तर दुसऱ्या पायासाठी असा रंग निवडावा की जो इतर कोणत्याही पक्ष्यात हिरव्याच्या जोडीला आलेला नाही.